‘म्हणे’ लावून सांगितलेला राजा

जपानात मराठी पर्यटकांसाठी दुभाषी म्हणून फिरताना माझा सगळ्यात झिजलेला शब्द म्हणजे ‘म्हणे’. ओसाकाशेजारच्या साकाई शहरात तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. तिथे निंतोकु सम्राटाची समाधी आहे, म्हणे. निंतोकु सोळावा. पहिला जिम्मु, तो इसवी सनापूर्वी ६६०मध्ये गादीवर बसला आणि १२७ वर्षं जगला, म्हणे. निंतोकुनं ३१३ ते ३९९ राज्य केलं, हेही म्हणेच. कारण समाधी पाचव्या शतकातली आहे आणि आत नक्की कोण आहे ते उकरून बघायला राजघराण्याचं खातं परवानगी देत नाही.

त्या दिवशी बरोबर बावीस ज्येष्ठ मंडळी होती. माहितीपत्रकावर विमानातून काढलेला फोटो: किल्लीच्या भोकाचा आकार, भोवती तीन खंदक, लांबी ४८६ मीटर. प्रत्यक्षात समोर पाणी आणि गच्च झाडी. महापालिकेच्या एकविसाव्या मजल्यावर नेलं, तिथूनही हिरवी टेकडीच दिसली. “एवढ्यासाठी उन्हातान्हात आणलंस होय गं?” एक काका म्हणाले.

खाली तोरीपाशी, म्हणजे पवित्र जागेपुढच्या कमानीपाशी, एक स्वयंसेवक आजोबा माहिती सांगत होते. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘तो इवारेते इमास’नं संपायचं, म्हणजे आपलं ‘असं म्हणतात’. गोष्ट मला पाठ होती. राजानं उंचावरून पाहिलं, एकाही घरातून चुलीचा धूर निघत नव्हता. त्यानं तीन वर्षं कर माफ केले. महालाच्या भिंती ढासळल्या, छप्पर गळायला लागलं, दुरुस्ती नाही. मग पुन्हा धूर दिसला आणि राजा म्हणाला, आता मी श्रीमंत झालो. राणीनं विचारलं, छप्पर गळतंय, ही कसली श्रीमंती? प्रजा श्रीमंत तर राजा श्रीमंत, असं त्याचं उत्तर.

काका लगेच खूश. (एका बांधकाम कंपनीच्या हिशेबानं हे थडगं रचायला जुन्या पद्धतीनं रोज २००० पर्यंत माणसं लावून १५ वर्षं ८ महिने लागले असते. धुराच्या गोष्टीनंतर हा आकडा सांगायची माझी कधीच हिंमत होत नाही.)

मग आजोबांनी दुसरी गोष्ट काढली. राजाला दुसरं लग्न करायचं होतं, राणी इवानोहिमे तयार नव्हती. ती मेजवानीची पानं आणायला किइ प्रांतात गेली तेवढ्यात यानं नवी बायको महालात आणली. परतताना राणीला बातमी कळली. तिनं सगळी पानं समुद्रात फेकली आणि नाव पुढे हाकायला लावली. राजा मनधरणी करायला गेला, ती भेटलीसुद्धा नाही. इवानोहिमे मत्सरी म्हणून प्रसिद्ध आहे, असं मी नेहमीप्रमाणे शेवटी जोडलं.

मागे उभ्या असलेल्या एक काकू, दिवसभरात चकार शब्द न बोललेल्या, म्हणाल्या, “थांब. गळक्या छपराची राणी ती हीच का?”

मी आजोबांना विचारलं. ते क्षणभर गप्प झाले. “होय, तीच,” म्हणाले. यावेळी ‘तो इवारेते इमास’ नव्हतं.

“तीन वर्षं हिनं पावसात भांडी लावली असतील,” काकू म्हणाल्या. “आणि मत्सरी हीच?”

इतकी वर्षं मी या दोन गोष्टी पाठोपाठ सांगत आले. दोन्हींतली बाई एकच आहे, हे वाचलेलं होतं, पण कधी जाणवलं नव्हतं. आजोबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

“तिची समाधी कुठे?” नारात, उत्तरेच्या बाजूला; आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नारालाच हरणं बघायला जाणार होतो. ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली. तिथेही तेच: खंदक, झाडी, बंद फाटक. काकूंनी लांबी विचारली. सुमारे २२० मीटर, मी म्हटलं.

“म्हणजे त्याच्या निम्मीसुद्धा नाही,” एवढं बोलून त्या बसकडे वळल्या.