बारावा

आजीला मी एकदा सहज सांगितलं, "आजी, मी टीममधला बारावा." तिनं लगेच माझ्या तोंडावर हात ठेवला. "असलं बोलू नये रे. बारावा घालायचा असतोय, व्हायचा नसतोय." तेव्हापासून घरी मी नुसता 'टीममध्ये' आहे.

बास्केटबॉलच्या संघात बारा जण. पाच मैदानात, सात बाकावर. बाकावरही उतरंड असते. सहावा-सातवा हमखास उतरतात, त्यांच्या पुढचे गरजेप्रमाणे. बाराव्याला प्रशिक्षकांची हाक येते ती सामना एकतर पार जिंकलेला असतो तेव्हा, नाहीतर पार हरलेला. बेंगलोरात एका सरकारी खात्याच्या संघात मी नऊ वर्षं हे काम करतोय. खेळाडू कोट्यातली नोकरी. सकाळी सहाला सराव, मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत फायली, संध्याकाळी परत मैदान. ऑफिसातले विचारतात, "टीव्हीवर कधी दिसला नाहीस?" आपल्याकडं व्यावसायिक बास्केटबॉल म्हणजे बहुतेकांसाठी हेच, पगार खात्याचा आणि घाम चेंडूचा. 2015 मध्ये यूबीए नावाची व्यावसायिक लीग आली, 2017 नंतर थांबली. 2022 मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची लीग निघाली, सहा शहरांचे सहा संघ. असल्या ठिकाणी किती जण मावणार? सतनाम सिंगला 2015 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या लीगच्या डॅलस संघानं 52 व्या क्रमांकावर निवडलं, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. सात फुटांवर उंची असलेल्या माणसाची ही गत, मी तर पाच फूट दहा.

तर गेल्या हिवाळ्यात आमचा संघ बेळगावात खेळायला आला. माझ्या गावात! राणी चन्नम्मा एक्सप्रेसमधून सकाळी उतरलो तेव्हा बाकीचे पेंगत होते आणि माझ्या पोटात गोळा. शहापुरातली आमची अख्खी गल्ली येणार होती, आणि गल्लीला काय सांगू, की मी बसणार आहे?

संध्याकाळी एका शाळेचं सिमेंटचं कोर्ट, दिव्यांभोवती पाकोळ्या. तिसऱ्या ओळीत आई, आजी आणि बाबा. बाबा लुंगीऐवजी पँट घालून आलेले, म्हणजे प्रसंग मोठा. आमच्या गल्लीत 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून, काळा दिवस पाळतात. मागं मी कर्नाटकाच्या जर्सीत राष्ट्रीय स्पर्धेला गेलो आणि एकही मिनिट न खेळता परत आलो, तेव्हा शेजारचे काका म्हणाले होते, "नेलं आणि बसवून ठेवलं. आपल्यासारखंच की!" ते काकाही आलेले.

लोकांना वाटतं बाकावर आराम असतो. खरं तर अंग थंड पडू द्यायचं नाही, हीच निम्मी नोकरी. टॉवेल मांडीवर घ्यायचा, टाचा हलवत राहायचं, टाइमआऊटला उभं राहून पाचांना आपली जागा द्यायची, पाणी पुढं करायचं. आणि बघायचं. समोरच्या संघाचा 7 नंबर त्या दिवशी आमची वाट लावत होता. पोरगं चपळ, पण उजवीकडून घुसायच्या आधी डावा खांदा जरासा पाडायचं. पहिल्या क्वार्टरला मला ते दिसलं, दुसऱ्याला खात्री झाली. मध्यंतराला आमच्या पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढं नेऊन खेळ रचणाऱ्याला, सांगितलं. त्यानं मान हलवली. दमलेला माणूस हलवतो तशी.

लहानपणी मी मागावर बाबांना सुताच्या कांड्या भरून द्यायचो. धोट्यातलं सूत संपलं की माग थांबतो, त्याच क्षणी भरलेली कांडी हातात पाहिजे. उशीर झाला की बाबा ओरडत नसत, नुसते हात पुढं करून थांबत. तो हात ओरडण्यापेक्षा वाईट. बाकावर बसलो की मला बरेचदा तो हात आठवतो.

तिसऱ्या क्वार्टरला आमच्या दुसऱ्या गार्डचा घोटा मुरगळला. चौथ्यात, सहा मिनिटं उरली असताना, पॉइंट गार्डनं 7 नंबरला ढकललं. पाचवा फाऊल. पाच झाले की माणूस बाहेर, आणि बदली खेळाडूला तीस सेकंदांत आत जावं लागतं. प्रशिक्षकांनी बाकावर नजर फिरवली. पहिल्यांदा माझ्यावरून पुढं गेली, मग परत आली. "बा," एवढंच म्हणाले. कानडीत 'ये'.

टेबलावर स्कोअरर म्हणून आमचे शाळेतले पी.टी.चे सर बसले होते. बदली खेळाडूनं स्वतः टेबलाशी जाऊन सांगायचं असतं. मी म्हणालो, "सर, सब्स्टिट्यूशन." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नंबर?" माझा नंबर त्यांना दिसत होता, पण नियम म्हणजे नियम. "पंधरा." निळ्या पेनानं माझ्या नावापुढं बारीक फुली मारली. सुरुवातीच्या पाचांच्या फुलीभोवती लाल गोल असतो, आमच्या फुलीला नसतो. त्या कागदावर सगळा सामना असतो, फक्त बाकावरचे तीन क्वार्टर नसतात.

आत गेल्यावर पहिले दोन पास मी असे दिले की चेंडू नव्हे, निखारा हातात आहे. पाच गुणांनी मागं होतो. मग 7 नंबर आला. डावा खांदा पडला. मी त्याच्या उजवीकडं सरकलो, पाय रोवले, हात छातीशी घेतले. तो सरळ अंगावर आला आणि मी सिमेंटवर पाठीवर घसरलो. कोपराचं कातडं गेलं. पंचांची शिट्टी वाजली, आणि जो पाऊण सेकंद पंच हात वर करून थांबतात तो मी डोळे मिटून काढला. फाऊल त्याचा, चेंडू आमचा. गल्लीनं जो गोंधळ घातला तो बास्केट पडल्यावरसुद्धा घातला नव्हता. काकांची शिट्टी तर मी आवाजावरून ओळखली.

पुढची सगळी मिनिटं काही मी हिरो नव्हतो. एकदा चेंडू हातातून निसटला, बास्केटकडं चेंडू टाकायचे चोवीस सेकंद एकदा संपले. शेवटच्या मिनिटाला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला. दुसरा पडला. हरलो, तीन गुणांनी. 7 नंबर नंतर येऊन म्हणाला, "अण्णा, हेगे गोत्तायतु?" कसं कळलं म्हणून. मी सांगितलं नाही. पुन्हा गाठ पडायचीच.

सरांनी कागद दाखवला. 15 नंबर, एक गुण, एक फाऊल. "पहिला फ्री थ्रो आखूड टाकलास. शाळेतही असंच करायचास," म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

रात्री निम्मा संघ आमच्या घरी जेवायला. आजीनं माझ्या कोपरावर हळद दाबली आणि पॉइंट गार्डच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. "हा बिचारा दमलाय, ह्याला लई पळवलं." त्याला मराठी कळत नाही, पोळी कळली.

निघताना बाबा जिन्यापर्यंत आले. मनगटावरचं घड्याळ दाखवत म्हणाले, "मी बघत होतो. सतरा मिनिटं खेळलास."

बास्केटबॉलमध्ये शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं. खेळाची सहा मिनिटं झाली होती. फाऊल, टाइमआऊट, फ्री थ्रो, सगळं धरून बाबांच्या घड्याळात सतरा.

"होय की," मी म्हणालो, आणि बॅग उचलली.