एकच माईक, पाच जणं

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या थिएटरमध्ये साऊंड बघते. मागे एक ब्लूग्रास, म्हणजे तंतुवाद्यांवरच्या अमेरिकन लोकसंगीताचा बँड आला होता, बँजो, मँडोलिन, गिटार, बास आणि मधे गाणारी बाई, जी फिडल म्हणजे व्हायोलिनही वाजवते. तिने सांगितलं की स्टेजच्या मधोमध एकच कंडेन्सर माईक (बारीक आवाजही पकडणारा) लावा आणि मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःला ऐकू यावं म्हणून लावतात ते स्पीकर, नकोतच. ते बरोबरच होतं, कारण हा माईक चहूकडचं सगळं ओढतो, मॉनिटर लावला की लगेच फीडबॅकची शिट्टी. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याच्या काळात रेडिओवर असंच वाजवायचे, सगळे एका माईकभोवती, आवाज कमीजास्त करायचा तो पुढेमागे सरकून.

पण प्रत्यक्ष बघताना मी थक्क झाले. ओळ संपली की बाई बाजूला, बँजोवाला आत, त्याचं झालं की ही फिडल हनुवटीखाली धरून परत आत. ड्रम नाहीत, ठेका मँडोलिनच्या चॉपवर, म्हणजे तारा छेडून लगेच दाबल्यावर येणाऱ्या तुटक आवाजावर. आणि दुसरा कोणी गात असला की ही मागे उभी राहून इतकं हळू वाजवायची की शब्द एकही दबला नाही.

साऊंडचेकनंतर विचारलं तर म्हणाली, लहानपणापासून अ‍ॅलिसन क्राऊसला बघत आले. मीही ऐकलंय या ब्लूग्रास गायिकेला खूप. इलिनॉयची मुलगी, पाचव्या वर्षी क्लासिकल व्हायोलिन, चौदाव्या वर्षी राउंडर रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीशी करार, 1987 ला पहिला सोलो अल्बम, 1993 ला ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या मानाच्या कंट्री संगीत कार्यक्रमाची मेंबर, आणि 27 ग्रॅमी, इतके 2021 ला बियॉन्सेने मागे टाकेपर्यंत दुसऱ्या कुठल्याच बाईकडे नव्हते. पण मला विचाराल तर तिचं मोठेपण तिच्या युनियन स्टेशन या बँडमध्ये दिसतं, नाव तिचं इतकं मोठं असून काही गाणी डॅन टायमिन्स्की गायचा आणि ही मागे फिडल धरून त्याला साथ करायची, मोठ्या कंपन्यांनी बोलावलं तरी कित्येक वर्षं राउंडर सोडलं नाही. स्वतःचा आवाज इतका सुंदर असताना असं मागे राहणं सोपं नाही हो!

शोमध्ये बँजोची तार तुटली. तो मागे गेला, बाकीचे काही न बोलता अर्धं पाऊल पुढे आले, बाईने फिडलवर त्याची जागा भरली आणि गाणं तसंच चालू राहिलं. माझ्याकडे एकच फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) होता आणि तो हलवायची वेळच आली नाही.