मागायची वेळ येण्याआधी

गुरुवार, रात्री

नोकरी गेलेला माणूस आधी दिसेनासा होतो. साठवलेले पैसे संपायला वेळ लागतो, पण जिन्यात थांबून बोलणं, संध्याकाळी खाली उतरणं, कुणी बोलावलं तर जाणं, हे सगळं आधीच बंद होतं. शेजाऱ्याचं लक्ष असायला हवं ते या वेळी.

ऑस्ट्रियातल्या मारिएनथालमध्ये १९३०च्या सुमारास कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा ही सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचं रोजचं जगणं टिपून ठेवलं. दिवसभर मोकळा वेळ असूनही वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं कमी झाली होती. पुरुष रस्त्यावरून रेंगाळत, थांबत थांबत चालायचे. बायकांची चाल तशी मंदावली नव्हती, कारण घरातली कामं काही गिरणीबरोबर बंद पडली नव्हती. ही शेवटची नोंद वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ओळखीची दोन-तीन घरं आली.

त्यातलंच एक घर वरच्या मजल्यावरचं. तिथल्या काकांना कामावरून कमी केल्याचं काकूंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, तरी आम्हाला ते कळलं होतं. शेजारच्या ताईंनी तेव्हा जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. "काही लागलं तर सांगा" असं त्या म्हणाल्या नाहीत. हे वाक्य आपण मनापासूनच बोलतो, पण त्यात सांगण्याचं सगळं ओझं नडलेल्या माणसावर टाकतो. कुणी सांगत नाही. ताई हिशेबाच्या वह्या घेऊन वर गेल्या आणि म्हणाल्या, "काका, माझं वर्षभराचं काहीच जुळत नाहीये, बघता का? आणि पैसे आधी ठरवू, नाहीतर मला पुन्हा यायला संकोच वाटेल." काकांचं अख्खं आयुष्य हिशेबात गेलेलं. ताईंची अडचण खरी होती, आणि काकांनाही ते दिसत होतं, म्हणूनच ते जमलं. खोटं काम काढून दिलं असतं तर त्यांनी ते लगेच ओळखलं असतं. मग ताईंनीच आणखी दोघांना त्यांचं नाव सांगितलं.

नवं काम कळतं ते पुष्कळदा अशा अर्धवट ओळखीतूनच. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हे मांडलं होतं: जवळच्या माणसांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं, नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून. शेजारी हा असाच असतो. रोज दिसतो, पण त्याचं कामाचं जग निराळं असतं. म्हणून एखाद्याची नोकरी गेल्यावर ते कुजबुजत बोलायच्या ऐवजी, त्याला विचारून, चार जणांच्या कानावर घालणं ही खरी मदत आहे. विचारून मात्र. न विचारता केलं तर ती फक्त चर्चा होते.

पैशांचं अवघड आहे. हातउसने दिलेले पैसे परत आले नाहीत तर पैसे जातात आणि घरही तुटतं. समोरचा तोंड चुकवायला लागतो. माझं स्पष्ट मत आहे की उसने देताना एकतर तारीख आणि हप्ता नीट बोलून घ्यावा, नाहीतर परत येणार नाहीत असं मनाशी धरूनच द्यावेत आणि तसं सांगूनही टाकावं. मधल्या धूसर जागेतच लोक ओशाळतात.

अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मंदीत शेतकऱ्यांची कर्जं थकली, जप्ती येऊन अवजारं आणि जनावरं लिलावात निघाली. तेव्हा काही ठिकाणी शेजारचे शेतकरी जमून नांगराला, गाईला काही सेंटांचीच बोली लावायचे आणि सगळं विकत घेऊन मूळ मालकालाच परत द्यायचे. बाहेरचा कुणी वरची बोली लावायला आला तर त्याला दमदाटीही होत असे, तेव्हा हे सगळं काही गोड नव्हतं. पण मला त्यातलं एक फार भिडतं: त्या गर्दीतल्या कित्येकांना पुढची पाळी आपली असू शकते हे माहीत होतं. देणारा वर आणि घेणारा खाली, असं तिथे कुणी उभं नव्हतं.

आणि सगळ्यांचंच एकदम बुडालं तर? अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेसजवळच्या बेर्नालमध्ये १९९५ मध्ये काही शेजाऱ्यांनी वस्तू आणि कामांच्या अदलाबदलीचा क्लब काढला होता. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकेतून आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त काढायला बंदी केली. रोख पैसाच नाहीसा झाला, तेव्हा असे क्लब देशभर पसरले. कुणी केस कापायचं, कुणी शिवून द्यायचं, बदल्यात 'क्रेदितो' नावाच्या छापील चिठ्ठ्या मिळायच्या. पुढे त्या वाटेल तेवढ्या छापल्या गेल्या, खोट्याही आल्या, त्यांची किंमत घसरली आणि २००२ संपता संपता बरेचसे क्लब बंद पडले. माणसं एकमेकांना ओळखत होती तोवर ते चाललं. हे आठवलं की शेजारधर्माचं नुसतं कौतुक करून थांबणाऱ्यांचा मला राग येतो. शेजारी महिना-दोन महिने निभावून नेतील, पण बेकारी भत्ता, औषधोपचार, मुलांचं शिक्षण त्यांच्या माथी मारून सरकारला मोकळं होता येणार नाही.

आमच्यापुरतं सांगायचं तर आमची भिशी आहे. असं आळीपाळीने पैसे उचलणं जगभर चालतं, मेक्सिकोत तांदा म्हणतात, इंडोनेशियात आरिसान. आमच्याकडे नंबर चिठ्ठीने निघतो. येत्या बैठकीत मी सुचवणार आहे की दरवेळी चिठ्ठी काढण्याआधी ज्याला नड आहे त्याने पैसे उचलावेत, आणि नड कुणाला आहे हे बैठकीत न विचारता आधी एकट्या ताईंना कळवावं. त्या कुणाला बोलणार नाहीत. दोघी-तिघींचा विरोध होईल, "हप्ते बुडाले तर काय?" असं म्हणतील. त्याचं उत्तर मला रविवारपर्यंत तयार ठेवायचंय: प्रत्येकीने दरमहा थोडी रक्कम वेगळी काढायची, आणि कुणाचा हप्ता चुकला तर त्यातून भरायचा.