सरळ काठी आणि तिरकी काठी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे शाळेचे पत्र आले. स्नेहसंमेलनांविषयी आणि छड्यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच, म्हणून आमच्या भूगोलाच्या सरांनी आठवीत विचारलेल्या एकाच प्रश्नाविषयी मी लिहीत आहे. घड्याळाचे काटे ज्या दिशेने फिरतात, त्याच दिशेने का फिरतात?

याचे पुस्तकी उत्तर सरांनी आधीच सांगून टाकले. यांत्रिक घड्याळे तेराव्या-चौदाव्या शतकांत युरोपात घडली. तेथे माध्यान्हीचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो, त्यामुळे आडव्या सूर्यघड्याळावरील सावली सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला आणि संध्याकाळी पूर्वेला पडते. नजरेला सरावलेली तीच दिशा कारागिरांनी काट्यांना दिली. "आता हे आपल्या सोलापुरात पडताळून पाहू," असे म्हणून त्यांनी जूनअखेरीस, चांगली उघडीप असताना, मैदानात मीटरभर उंचीची काठी ओळंबा लावून उभी केली आणि सावलीच्या टोकाशी वरचेवर फक्कीची खूण करण्याचे काम आम्हाला दिले.

अकराच्या सुमारास सावली पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे कललेली होती. साडेबाराला ती जेमतेम दहा सेंटिमीटर उरली, परंतु उत्तरेला नव्हे, थेट दक्षिणेला. आणि दोनपर्यंत ती पूर्वेकडे वळली, म्हणजे काट्यांच्या अगदी उलट. (सकाळी लवकर आणि उतरत्या उन्हात ती सुलटच सरकते, पण आमची शाळा अकराची.) सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला जातो, हे पुस्तकात नकाशापुरते वाचलेले होते. फक्कीच्या ठिपक्यांनी ते पायाशी आणून ठेवले.

मग सरांनी तीच काठी ध्रुवाच्या रोखाने, जमिनीशी १७.७ अंशांचा कोन करून तिरकी रोवली, आणि सावली निमूटपणे सुलट फिरू लागली. पृथ्वीच्या आसाला समांतर असलेल्या काठीच्या सावलीची दिशा केवळ वेळेवर ठरते, ऋतूवर नाही. जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेतील सम्राट यंत्र या सूर्यघड्याळाची प्रचंड भिंत २७ अंशांनी तिरकी आहे ती याचसाठी. तिची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकताना डोळ्यांनी दिसते.

तरीही पुस्तकी उत्तर मला पुरते पटलेले नाही. युरोपातील चर्चच्या दक्षिणेकडील भिंतींवर जी उभी सूर्यघड्याळे असतात, त्यांतील सावली उलटी फिरते, आणि फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमधील १४४३ सालच्या घड्याळाचा काटाही उलटाच फिरतो. दक्षिणेकडे तोंड करून पाहिले असता सूर्य स्वतःच डावीकडून वर चढून उजवीकडे उतरतो. कारागिरांच्या मनात सावलीइतकाच हा सूर्यही असावा, असे मला वाटते.

बोलिव्हियाने २०१४ साली ला पाझ येथील संसदेच्या इमारतीवरचे घड्याळ उलटे केले, दक्षिण गोलार्धात सावली तशी फिरते म्हणून. मात्र ला पाझ १६.५ दक्षिण अक्षांशावर आहे, म्हणजे विषुववृत्तापासून जवळपास सोलापूरइतकेच दूर. तेथे डिसेंबरमध्ये कोणी सरळ काठी रोवली, तर भर दुपारी तिची सावली त्या घड्याळाच्या विरुद्ध आणि आपल्या घड्याळांच्या दिशेने फिरेल.