कात्रणाची पाठ

कात्रणं जपून ठेवणाऱ्या माणसांचं तारखेशी काय वाकडं असतं, कळत नाही. बातमी कशी चौकोनी, रेघेला धरून, कड न दुखवता कापतात. आणि पानाच्या माथ्यावरचा वार, तिथी, तारीख, वर्तमानपत्राचं नाव हे सगळं सरळ बंबात जातं. आमच्या पणजोबांची म्हणून जी कात्रणं घरात आहेत, त्यांतल्या एकावरही तारीख नाही. एका जुन्या चोपडीच्या पानांवर ती खळीने डकवलेली आहेत. कापणारी होती माझी आत्याआजी, पणजोबांची धाकटी लेक. तिला विचारलं तर म्हणाली, "अगं, तेव्हा तारीख सगळ्यांना ठाऊकच होती की!"

यावर काय बोलणार?

पणजोबा सांगलीचे हळदीचे अडते. दुकान गणपती पेठेत, राहणं वखारभागात आणि माल हरिपूरच्या पेवांत. सांगलीबाहेरच्यांसाठी सांगायला हवं, की पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, पोट मोठं. हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकलं की आत हवा जात नाही, कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षं राहतो. हरिपूरची जमीनच तशी आहे म्हणतात. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं ते गाव, शेकड्यांनी पेवं होती तिथे. २००५ च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि हळदीसकट त्यांतली बरीच बसली ती बसलीच.

पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आतली हवा श्वास घेण्याजोगी नसते. तोंड उघडं टाकून वाट बघायची, कंदील सोडून बघायचा, तो तेवत राहिला तरच माणूस सोडायचा. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण पणजोबांच्या पराक्रमाची आमच्या घरातली गोष्ट पेवातलीच. एक हमाल घाईने उतरला आणि आत भोवळ येऊन पडला. पणजोबांनी धोतराचा काचा मारला, कमरेला दोर बांधला, आत उतरले आणि त्याला खांद्यावर घालून वर घेऊन आले. प्रत्येक लग्नात ही गोष्ट निघते आणि दर लग्नाला पेव थोडं आणखी खोल होतं.

कात्रण नीट वाचलं तर त्यात वेगळंच आहे. दक्षिण सातारा जिल्ह्यातील हरिपूर येथे गेल्या बुधवारी असं असं झालं. येथील प्रसिद्ध व्यापारी श्री. अमुक अमुक यांच्या प्रसंगावधानाने तत्काळ दोर आणवण्यात आला; 'एक इसम' खाली उतरला आणि बेशुद्ध 'इसमास' वर काढण्यात आलं. पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आहे, हजर असलेल्या प्रतिष्ठितांची नावं आहेत. म्हणजे पणजोबा वरच उभे होते. दोर आणा म्हणाले, ते महत्त्वाचं होतंच, नाही म्हणत नाही. पण उतरणारा कुणी दुसराच होता. पडलेल्याला नाव नाही, उतरलेल्यालाही नाही. दुकानाला पाटी असली की बातमीत नाव यायचं, आणि पाठीवर पोतं असलं की 'इसम'.

'गेल्या बुधवारी' म्हणजे कधी, हे शोधायला मी लागले ती निव्वळ खोडी म्हणून. पहिला धागा 'दक्षिण सातारा' हाच. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली साताऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्याचं नाव सांगली झालं. दुसरा धागा मिळाला कात्रणाच्या पाठीवर. हे कात्रण नेमकं तीन बाजूंनी सुटलेलं होतं. कसरीने खळ खाल्ली होती, तिचे उपकारच म्हणायचे. उलटून बघितलं तर अर्ध्या दंतमंजनाची जाहिरात आणि तिच्याखाली बाजारभाव. हळद राजापुरी, गूळ, शेंगा. माप मणाचं, पण भाव रुपये आणि 'न. पै.' मध्ये. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी आणे-पैच असत्या. म्हणजे एप्रिल १९५७ ते नोव्हेंबर १९६०. एवढ्या काळात बुधवार होतात साधारण १९०. भावांच्या वरच्या ओळीत 'नव्या हळदीची आवक' दिसते. नवी हळद बाजारात येते ती फेब्रुवारी-मार्चपासून पुढे. तेव्हा पावसाळ्याचे, दिवाळीचे बुधवार गळाले आणि हाताशी चार हंगाम उरले.

गंमत अशी, की आत्याआजीने पुढची बाजू जपली आणि कामाला आली मागची. पणजोबांना स्वतःला विचारलं असतं तर त्यांनीही आधी मागचीच बाजू वाचली असती. अडत्याच तो.

चार हंगामांचे अंक बघायचे म्हणजे वाचनालयांतले गठ्ठे उपसणं आलं. इथे सांगलीची एक अडचण आहे आणि तिचं नाव कृष्णा. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे आम्ही पावसाळ्यात नाडी बघावी तसं बघतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. सांगली नगर वाचनालयातही पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं गेली. वर्तमानपत्राचा कागद मुळातच अल्पायुषी. लाकडाच्या लगद्याचा स्वस्तातला कागद, तो उजेडाने पिवळा पडतो, हवेने करकरीत होतो आणि घडीवर तुटतो. आमच्या चोपडीतला पिवळेपणा वयाचा किती आणि हळदीचा किती, तेही सांगता येत नाही. असा कागद एकदा भिजून वाळला की त्याची वीट होते. अशी एक वीट एका ओळखीच्यांच्या माळ्यावर मला बघायला मिळाली. स्थानिक साप्ताहिकाचा वर्षभराचा गठ्ठा, कडेला '५९' एवढंच वाचता येत होतं. पानात पान अडकलेलं, सुरीचं पातंसुद्धा जाईना. माझा बुधवार त्यात असलाच तर तो तिथेच राहिला.

त्याच माळ्यावरचा त्याच्या आदल्या वर्षाचा गठ्ठा मात्र कोरडा होता. शिलाईत गेलेल्या रकान्यांत मान वाकडी करकरून वाचत बसले. पेवाची बातमी नाही मिळाली. सापडली ती एक जाहीर नोटीस. खाली पणजोबांचं नाव, दुकानाचा पत्ता. आपले धाकटे बंधू यांच्याशी आपला कोणताही व्यवहार उरलेला नाही, त्यांनी आपल्या दुकानाच्या नावावर उधार उचलल्यास आपण जबाबदार नाही, सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. शेजारी साबणाची जाहिरात.

या धाकट्या बंधूंची नातवंडं आमच्या प्रत्येक कार्याला असतात. अक्षता वाटायला पुढे, पंगतीला शेवटपर्यंत. दोन घरांत कधी काही झालं होतं, असं कुणाच्या बोलण्यातही नाही. हे कात्रण अर्थातच चोपडीत नाही. मी मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा आत्याआजीने तो लांब धरून दोनदा वाचला.

"हे कुणी ठेवलं होतं जपून?"

"कुणी नाही. गठ्ठ्यात होतं."

"हं." मग बऱ्याच वेळाने, कोथिंबीर निवडता निवडता, "चूक आमच्या अण्णांचीच होती." अण्णा म्हणजे पणजोबा. यापुढे तिने तोंड उघडलं नाही, आणि तिने नाही म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो.

खरं तर संपादकाने आधी कापायचं ते कापलेलं असतं, मग घरातली कात्री चालते. चोपडीतलं शेवटचं कात्रण निधनवार्तेचं. 'त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुलगे, दोन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' यांतल्या दोन मुलींपैकी एक आत्याआजी. स्वतः ज्यात नावाशिवाय आहे अशी बातमी तिने स्वतःच्या हाताने कापली, कडा सांभाळून. पणजीचं नाव तर चोपडीत कुठेच नाही. तिने घर चालवलं, हमालांच्या भाकऱ्या थापल्या, भावाभावांचं पुन्हा जमवून आणलं असेल तर तेही बहुधा तिनेच. पण यातलं काहीही वर्तमानपत्रात यायला तिला 'पत्नी'च्या पुढे जावं लागलं असतं.

म्हणून आता मला बुधवारापेक्षा तो उतरलेला माणूस हवा आहे. सरकारदरबारी शोधून फायदा नाही. माथाडी कायदा १९६९ चा. हमालांच्या रीतसर नोंदी त्यानंतरच्या. पण कात्रणं ज्यावर डकवलीत ती चोपडी म्हणजे दुकानाची त्याच दशकातली रोजकीर्द, रोजच्या जमाखर्चाची वही आहे, हे इतकी वर्षं कुणी ध्यानातच घेतलं नव्हतं. जुन्या चोपडीची पानं फुकट जाऊ नयेत म्हणून आत्याआजीने ती वापरली. पेवाची बातमी जिथे सुटली आहे तिथे खाली मोडीतल्या ओळी दिसतात. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना दाखवल्या. हरिपूर, पेव उघडणे, हमाली, एक रुपया सहा आणे. डावीकडे नाव, पण त्यातलं शेवटचं 'प्पा' एवढंच उघडं आहे. बाकीचं नाव कात्रणाच्या चौथ्या, घट्ट चिकटलेल्या बाजूखाली.

'प्पा'ने संपणारी नावं म्हटली तर आमच्या भागात निम्मं गाव उभं राहील. मास्तर म्हणाले, ओलसर फडकं ठेवून खळ सुटेल, पण वरची बातमी राहील याची खात्री नाही. छापलेला कागद करकरीत झालाय, चोपडीचा जाडजूड कागद मात्र अजून धडधाकट आहे.

काय करावं म्हणून आत्याआजीला विचारलं. तिने चष्मा पुसला, कात्रणाकडे बघितलं, खालच्या 'प्पा'कडे बघितलं.

"मग काढ की ती बातमी. वाचून झालीय ना सगळ्यांची?"