तुम्ही विचारलंत म्हणून: कधी कुणाला उडवलंत का?

"तुमचे सायकलवाले माणसांना उडवत सुटतात, त्याचं काय?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये हातात हेल्मेट दिसलं की विचारतात. मागच्या गणपतीत तर आरती संपल्यावर हातावर प्रसाद ठेवता ठेवता एकांनी विचारला. त्यातला 'तुमचे' हा शब्द बघा. अकरा वर्षं मी माहीमहून परळला सायकलने कामाला जातोय, तेवढ्या भांडवलावर मुंबईतल्या यच्चयावत सायकलवाल्यांचं पालकत्व माझ्याकडे आलंय. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा स्वतःची मोटार असते. पण 'तुमचे मोटारवाले रात्री-अपरात्री काय करून ठेवतात हो,' असं त्यांना अजून कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

प्रश्नाची दुसरी आवृत्ती जरा हळू आवाजात येते. "खरं सांगा, तुम्ही स्वतः कधी कुणाला उडवलंत का?"

उडवलं. एकदा. ते सांगतोच, पण त्याआधी माझ्याकडे काय उत्तर असायचं ते सांगतो, म्हणजे गंमत कळेल.

मी गणित मांडायचो. मी आणि माझी सायकल मिळून नव्वद किलो, वेग ताशी पंधरा किलोमीटर. बाराशे किलोची मोटार ताशी चाळीसने आली तर तिच्या धडकेत माझ्या जवळजवळ शंभरपट ऊर्जा असते. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, शाळेचं पुस्तक काढा. मग सरकारी आकडे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी, आणि चार हजारांवर खुद्द सायकलवाले. आता सांगा, कोण कुणाला उडवतंय? समोरचा गप्प बसायचा. आपण जिंकलो असं मला वाटायचं. तो कंटाळलेला असायचा.

मग काकू पडल्या.

तीन वर्षं झाली. पावसाळा सरत आला होता, संध्याकाळचे सातच्या आसपास वाजले होते, गोखले रोडवर पोर्तुगीज चर्चच्या अलीकडे. थांब्यावर बस होती, पण थांब्याला लागून नव्हती. थांब्यासमोर टॅक्सी उभी, म्हणून ड्रायव्हरने बस जरा बाहेर तिरकी लावलेली. उजवीकडून पुढे जायचं तर मागून गाड्या नाकाला शेपूट लावून येत होत्या. डावीकडे, बस आणि फुटपाथ यांच्यामध्ये, चारेक फुटांची मोकळी पट्टी. मुंबईत सायकल चालवणाऱ्याला अशी पट्टी दिसली की त्याचं हँडल आपोआप तिकडे वळतं. माझंही वळलं. मी घंटी वाजवली. आणि बसच्या दारातून काकू उतरल्या.

माझी धडक अशी त्यांना बसलीच नाही. हँडलमध्ये त्यांच्या कापडी पिशवीचा बंद अडकला, त्या गर्रकन फिरल्या आणि डाव्या हातावर पडल्या. मी पलीकडे, कोपरावर. पिशवीतली तोंडली बसखाली गेली, मेथीची जुडी माझ्या पेडलमध्ये. कंडक्टरने बस धरून ठेवली आणि वाकून तोंडली गोळा करायला लागला. का कोण जाणे, त्या संध्याकाळचं ते सगळ्यात स्पष्ट आठवतं: एक खाकी पाठ आणि चाकाआडून तोंडली काढणारा हात.

माणसं जमली. "डोळे फुटले काय रे?" "यांना ना लायसन्स, ना नंबर." एकाने तर सवयीने फर्मान सोडलं, "आधी चावी काढून घ्या त्याची!" दोघं खरोखर माझ्या सायकलवर वाकले. चावी काही सापडेना. शेवटी एकाने फ्रेमला लावलेला पंप काढून घेतला आणि जप्ती केल्यासारखा धरून उभा राहिला.

काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अहो, घंटी तरी वाजवायची!"

"वाजवली होती, काकू."

"मग मला ऐकू कशी नाही आली?"

याला उत्तर नव्हतं. डोक्यावर बसचं इंजिन घरघरतंय, मागे हॉर्नचा कल्लोळ, त्यात माझी ती देवघरातल्यासारखी किणकिण. आपण रस्ता डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ओलांडतो. आवाज आला तर गाडी आहे, नाही आला तर रस्ता मोकळा. सायकल या हिशोबात धरलेलीच नसते.

टॅक्सीने दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून झाल्यावर मी तिथल्या डॉक्टरांना, स्वतःची समजूत काढायला म्हणा, सांगू लागलो की माझा वेग फार नव्हता हो, जेमतेम दहा असेल. ते लिहिता लिहिता म्हणाले, "या वयात किती जोरात लागलं याला फारसा अर्थ नसतो. कशा पडल्या ते बघायचं. मनगटावर निभावलं. खुब्यावर पडल्या असत्या तर आपण वेगळं बोलत असतो." काकू एकाहत्तर वर्षांच्या. माझं शंभरपटीचं गणित तिथेच त्या बाकड्यावर राहिलं. ते चूक नाही. पण ते धडक देणाऱ्याच्या बाजूने मांडलेलं आहे. जमिनीवर पडणाऱ्याचं वजन त्याचं स्वतःचंच असतं आणि जमीन सगळ्यांना सारखीच लागते.

काकूंचा मुलगा आला. सभ्य माणूस. त्याने विचारलं, सायकलवाल्यावर पोलीस केस होते का? मी म्हटलं, होते. सायकलला कायदा लागू नाही हा गैरसमज आहे. बेदरकारपणे वाहन हाकणं हा गुन्हा पूर्वी दंडविधानाच्या कलम २७९ खाली होता, आता भारतीय न्याय संहितेच्या २८१ खाली आहे, आणि त्यात 'कोणतंही वाहन' येतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नसतो तो विमा. मोटारीला तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, सायकलवाल्याचा विमा म्हणजे त्याचा खिसा. मुलगा विचार करत होता, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पोलिसांनी माझं हाड जुळणार आहे का? त्यापेक्षा यांना रविवारी भाजी आणून द्यायला सांग."

प्लास्टर सुटेपर्यंतचे सहा रविवार मी भाजी नेली. पुढेही जात राहिलो, कारण चहा चांगला मिळायचा. घरात कुणी आलेलं असलं की ओळख ठरलेली: "हेच ते. मला पाडणारे." शेजारच्या वैनी, भिशीतल्या मैत्रिणी, गॅस दुरुस्तीला आलेला माणूस, सगळ्यांना. मला पाहून लोक 'अच्छा, हे का,' असं म्हणायचे, म्हणजे कथा माझ्याआधीच पोचलेली असायची. कथेतला माझा वेगही महिन्यागणिक वाढत गेला. दिवाळीपर्यंत मी 'सुसाट' झालो होतो.

एकदा काकू चहाचा ट्रे घेऊन येताना उजव्या पायाने लंगडल्या. मी घाबरून विचारलं, हे पण माझ्यामुळेच का? "छे हो. हे जुनं. मोटरसायकलने उडवलं होतं, सेनाभवनाजवळ. दोन महिने अंथरुणात होते."

कोण होता तो?

"कुणास ठाऊक. थांबला थोडाच. बशी घ्या की."

बस्स, एवढंच. दोन महिन्यांच्या अंथरुणाला एक वाक्य आणि माझ्या मनगटाला भिशीभर कथा. मला आधी राग आला, खोटं कशाला बोला. नंतर लक्षात आलं की त्या दुसऱ्या अपघातात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माणूस नव्हता, भांडण नव्हतं, तोंडली नव्हती. वर्तमानपत्रात याला सुंदर शब्द आहे: अज्ञात वाहन. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू.' वाहनच अज्ञात, मग हाकणारा तर वाक्यात येतच नाही. वीज पडते तसं ते वाहन पडतं. सायकलवाला मात्र कधीच अज्ञात नसतो. तो तुमच्या शेजारीच आडवा झालेला असतो. त्याचं कोपर फुटलेलं दिसतं, त्याला शिव्या घालता येतात, त्याचा पंप जप्त करता येतो. मोटारीखालून वाचलेला माणूस देवाचे आभार मानतो, सायकलीखालून वाचलेला सायकलवाल्याचा उद्धार करतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. लंडनमध्ये २०१६ साली रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना सायकलवरच्या तरुणाने धडक दिली, त्यात त्या गेल्या. त्याच्या सायकलला पुढचा ब्रेकच नव्हता. पुढच्या वर्षी खटला चालला तेव्हा सायकलवाल्याला लावायला नेमकं कलम मिळेना, शेवटी घोडागाड्यांच्या जमान्यातल्या १८६१ च्या कायद्याखाली त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याची चूक उघड होती आणि शिक्षाही रास्त होती, असं मला वाटतं. पण त्या देशात वर्षाला चारशेच्या आसपास पादचारी रस्त्यांवर मरतात, त्यातले सायकलीने मेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चर्चा मात्र त्या बोटांची वर्षानुवर्षं चालली.

आता मुंबईच्या पट्टीबद्दल बोलतो, कारण सगळं तिथे आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फुटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. रानडे रोडवर संध्याकाळी ती शोधायला जा. फुटपाथवर दुकानाचं सामान, कडेला फेरीवाले, मग उभ्या स्कूटर्स. चालणारा तिथून खाली उतरतो आणि रस्त्याच्या डाव्या कडेने, रहदारीकडे पाठ करून चालू लागतो. सायकलवाल्याला गाड्या उजवीकडून ढकलत आणतात, तोही त्याच डाव्या कडेला. त्याच कडेला गटाराची झाकणं, टॅक्सीची उघडणारी दारं, बसमधून उतरणारे पाय. सगळ्यांना मिळून मीटर-दीड मीटर जागा, आणि बाकीचा रस्ता बघा कुणाच्या ताब्यात असतो. नवीन बांधलं त्यात तर आम्ही दोघेही नाही: सी लिंकवर ना पायी जाता येत, ना सायकलने. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, सायकल ट्रॅक झाला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. म्हणजे मी आणि काकू त्या चार फुटांत भेटणार हे ठरलेलंच होतं म्हणायचं. तरी पट्टीत मी घुसलो होतो, काकू नव्हत्या. बस थांब्यावर उभी असताना दाराच्या बाजूने काढायचं नाही हे मला पक्कं माहीत होतं. अर्धं मिनिट वाचणार होतं.

आणखी एक, विषय निघालाच आहे तर. 'सायकलवाला' म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढे नेमकं कोण असतं? पहाटे गल्लीबोळांतून जाणारा पाववाला नसतो. सायकलला पातेलं बांधून पों पों करत येणारा इडलीवाला नसतो. डब्यांनी लगडलेली सायकल चर्चगेटच्या गर्दीतून काढणारा डबेवाला तर नसतोच, त्याला लोक वाट करून देतात. ही मंडळी माझ्याहून तिप्पट ओझं घेऊन माझ्याहून जास्त गर्दीत चालवतात. हल्ली ज्यांचा राग येतो ती बहुतेक पार्सलवाली मुलं असतात, बॅटरीच्या गाडीवर, उलट्या दिशेने, दहा मिनिटांत दही पोचवायचं असतं म्हणून. अडीचशे वॅटपर्यंतच्या आणि ताशी पंचवीसच्या आतल्या त्या गाडीला लायसन्स लागत नाही, नंबर लागत नाही, आवाजही नाही. चालणाऱ्याच्या लेखी ती सायकलच. दही मागवणारा पुन्हा तोच, जो आरतीनंतर मला प्रश्न विचारतो. असो.

परवा त्याच थांब्यावर बस लागली. मी तिच्या मागे एक पाय टेकून उभा राहिलो. आता तेवढं करतो. मागचा मोटरसायकलवाला हॉर्नवरचा अंगठा काढेना. "काका, साइडने काढा ना, जागा आहे!" मी हलत नाही हे पाहून चरफडत बसला. तेवढ्यात डावीकडून बॅटरीवाला एक पोरगा सुळकन त्या पट्टीतून गेला. दारातल्या एका बाईंनी उतरता उतरता पाय मागे घेतला, दांडी घट्ट धरली, आणि तो नाहीसा झाल्यावर सावकाश खाली उतरल्या. इकडे तिकडे पाहिलं. मी दिसलो, हेल्मेट घातलेला, सायकलवर.

"काय हो तुम्ही सायकलवाले!" त्या म्हणाल्या.

मी सॉरी म्हटलं.