कोकमाचा हंगाम आणि चेहऱ्यावरचा वांग

माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग उमटला तो दुसऱ्या गरोदरपणात, सहाव्या महिन्याच्या सुमारास. असे डाग बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे हळूहळू फिकट होतात, त्यामुळे घरात कोणी मनावर घेतले नाही. माझे मात्र मुलगी दोन वर्षांची झाली तरी गेले नाहीत. उलट दर मे महिन्यानंतर ते अधिकच गडद दिसू लागले. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी आमसुलांचा छोटा व्यवसाय आहे. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून खळ्यात पसरायच्या, वाळल्या की पुन्हा पुट द्यायचे आणि हे सारे पाऊस लागण्याआधी उरकायचे, या धांदलीत तोंडाला किती ऊन लागते याचा हिशेब मी कधी ठेवला नव्हता.

“जायफळ उगाळून लाय गो, जातलो तो,” असे सासूबाई म्हणाल्या. आमच्या माडांच्या बागेत जायफळाची दोन झाडे आहेत, म्हणून महिनाभर सहाणेवर दुधात उगाळून लावले. त्याने फरक पडला नाही, पण नुकसानही झाले नाही. लिंबाने मात्र केले. रस चोळून तशीच उन्हात गेले आणि उजव्या गालावर भाजल्यासारखा चट्टा उठला, जो बरा होताना आपला वेगळा काळा डाग ठेवून गेला.

खरी चूक यापुढची. ओळखीतल्या एकीने सांगितलेली ट्यूब मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एका औषधाच्या दुकानातून आणली. पंधरा-वीस दिवसांत चेहरा इतका स्वच्छ झाला की लग्नसराईत बायका मला त्या क्रीमचे नाव विचारू लागल्या, आणि मी ते सांगितलेही, याचे आजही वाईट वाटते. पाच महिन्यांनी ट्यूब बंद केली तेव्हा आठवड्याच्या आत चेहरा लालबुंद झाला, चुलीसमोर बसवेना, हनुवटीवर पुटकुळ्या आणि लव आली आणि वांग पूर्वीपेक्षा काळा होऊन परतला.

कुडाळच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी ती ट्यूब माझ्याच हातात देऊन मागची बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला लावली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातले मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ होते आणि सोडले की अशी उसळते. मग खोली अंधारी करून त्यांनी जांभळ्या उजेडाचा दिवा चेहऱ्यावर धरला. जे डाग त्या उजेडात अधिक ठळक होतात त्यांचा रंग वरच्या थरात असतो, तर खोलवरचे तसे उठून दिसत नाहीत आणि औषधालाही कमी दाद देतात. माझ्या गालांवरचे बहुतेक वरचे निघाले, ओठावरचा मात्र खोल. पाळणा लांबवण्यासाठी मी हार्मोनच्या गोळ्या घेत होते. त्यांनीही वांग वाढतो हे तिथेच कळले, आणि पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी तांबी बसवून घेतली.

पहिले दोन महिने डाग घालवण्याचे कोणतेही औषध मिळाले नाही, केवळ त्वचा शांत करायची होती. तो काळ सर्वांत कठीण गेला, कारण आरशात रोज अधिकच वाईट दिसत होते. त्यानंतर रात्री 20 टक्के अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडचे क्रीम सुरू झाले, ज्याने पहिले काही दिवस चुणचुणले. पुढे नुसते 4 टक्के हायड्रोक्विनोन आठच आठवडे दिले आणि थांबवले. ते मनाने वर्षभर लावत राहिल्यास त्वचेवर निळसर काळपट छटा बसू शकते, असे डॉक्टरांनी बजावले होते. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचाही विषय निघाला होता. त्या वांगावर देतात, पण त्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढू शकतो, त्यामुळे माझ्या आईच्या पायात रक्ताची गाठ झाली होती हे ऐकताच त्यांनी तो विचार सोडून दिला.

या साऱ्यापेक्षा अधिक मेहनत सनस्क्रीनने घेतली. नुसते अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग गडद करतो, म्हणून मला लोहाचे ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन दिले होते. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटे भरतील इतके लावायचे असते. मी वाटाण्याएवढे लावत असे. शिवाय मे महिन्याच्या घामात ते तासाभरात ओघळते, त्यामुळे घाम न पुसता टिपून घ्यायचा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचे. कोकमाच्या रसाने लाल झालेले हात तोंडाला कसे लावणार? दुपारी सनस्क्रीन लावून देण्याची जबाबदारी थोरल्या मुलाने घेतली, आणि नाकावर तो नेहमीच जास्त थापतो.

पहिल्या पावसाळ्यात आभाळ भरलेले पाहून मी सनस्क्रीन सोडले होते. ढगांतूनही किरण येतात हे गौरी-गणपतीपर्यंत गालांनीच दाखवून दिले, आणि तीन महिन्यांची कमाई निम्मी गेली.

आता साली पसरण्याचे काम मी सकाळी आठच्या आत आटोपते, आणि चुलीच्या धगीनेही डाग गडद होतात म्हणून भात उकडण्याचे काम नवऱ्याने घेतले आहे, अर्थात कुरकुरत. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी काढलेल्या फोटोंत गालांवरचे डाग आता शोधावे लागतात. ओठावरचा अजून आहे. तो पूर्ण जाईल असे डॉक्टरांनी कधीच म्हटले नव्हते. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.